बॅड्झली क्लिंटन

बॅड्झली क्लिंटन : इंग्लंडच्या वॉरिकशर परगण्यातील एक जलखंदकवेष्टित मॅनर-वाडा. वॉरिक शहराच्या वायव्येस सु. १३ किमी. अंतरावर, प्राचीन आर्डन अरण्याच्या प्रदेशात तो वसलेला आहे. सांप्रतच्या इमारतीचा सर्वांत जुना भाग पंधराव्या शतकातील असून तिच्याभोवतीचा खंदक त्याहूनही जुना, बहुधा तेराव्या शतकातील आहे. लढाई किंवा वेढा अशी कोणतीही मोठी घटना या वाड्याच्या इतिहासात आढळत नाही. तथापि एका घराण्याने चारशेहून अधिक वर्षे केलेले वास्तव्य, सोळाव्या शतकातील धार्मिक छळाच्या काळात कॅथलिक धर्मगुरूंना येथे मिळालेला आश्रय आणि कालौघात फारसा पालट न झालेली वास्तू या कारणांनी त्यास महत्त्व प्राप्त झाले आहे. १९८० पासून हा वाडा नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या ताब्यात असून तो लोकांस पाहण्यासाठी खुला आहे.

जलखंदकवेष्टित वाड्यांची परंपरा : मॅनर हा मध्ययुगीन इंग्लंडमधील सरंजामी जमीनव्यवस्थेचा मूळ घटक होय. मॅनरच्या धन्याकडे गावची शेतजमीन, कुळांचे देणे-घेणे, गिरणी, तळी व स्थानिक न्यायसभा यांवरील अधिकार असत आणि या सर्व व्यवहारांचे केंद्र त्याच्या वाड्यात असे. महाराष्ट्रातील पाटील-देशमुखांच्या गढीशी अशा वाड्याचे काही बाबतींत साम्य दिसते; मात्र गढीची भिस्त उंच जागा, जाड भिंती आणि बुरूज यांवर असे, तर इंग्लंडच्या सखल, चिकणमातीच्या प्रदेशात हे काम प्रामुख्याने पाण्याने भरलेल्या खंदकावर सोपविलेले असे. इंग्लंडमध्ये अशा खंदकवेष्टित स्थळांची नोंद सु. ६,००० इतकी असून ती मुख्यतः देशाच्या मध्य व पूर्व भागांत विखुरलेली आहेत. त्यांपैकी बहुतेक सु. १२५० ते १३५० या काळात निर्माण झाली.

हे खंदक लष्करी दृष्टीने फारसे भक्कम नव्हते. शिस्तबद्ध सैन्यापुढे त्यांचा टिकाव लागणे शक्य नव्हते. चोर-दरोडेखोर व वन्य पशू यांना अडविणे, घरातील धान्य व गुरे यांचे रक्षण करणे, ओलसर जमिनीतील पाण्याचा निचरा करणे, मासे पाळणे आणि आग लागल्यास पाणी हाताशी असणे हे त्यांचे व्यावहारिक उपयोग होत. यांखेरीज खंदक हे प्रतिष्ठेचे चिन्हही होते. राजे व उमराव यांच्या किल्ल्यांभोवती खंदक असत. तेव्हा आपल्या वाड्याभोवतीही तो असावा, असे मध्यम प्रतीच्या जमीनदारास वाटणे स्वाभाविक होते. आर्डनच्या प्रदेशात जंगल तोडून नव्याने वसविलेल्या वस्त्या पुष्कळ होत्या. अशा ठिकाणी खंदक खणणे म्हणजे नव्या धन्याने आपला हक्क जमिनीवर ठळकपणे आखून दाखविणेच होते. पुढे बहुसंख्य वाडे पडले किंवा मालकांनी ते सोडून दिले. आता अनेक ठिकाणी केवळ कोरडा चौकोनी चर तेवढा उरला आहे. ज्या थोड्या ठिकाणी खंदक, त्यातील पाणी व मधला वाडा ही तिन्ही टिकून राहिली, त्यांत बॅड्झली क्लिंटनची गणना होते.

प्रारंभीचे धनी : ‘बॅड्झली’ या नावाचा संबंध जंगलातील एक मोकळी जागा वसविणाऱ्या बॅडी नावाच्या सॅक्सन पुरुषाशी जोडला जातो, ‘क्लिंटन’ हे नाव तेराव्या शतकात ही जमीन धारण करणाऱ्या क्लिंटन घराण्यावरून पडले. खंदक खणला गेला तो याच घराण्याच्या काळात असावा. त्यानंतर मालकी अनेक हातांतून फिरली आणि १४३८ मध्ये जॉन ब्रोम याने हे मॅनर विकत घेतले. ब्रोम हा वॉरिक येथील वकील असून तो इंग्लंडचा उपकोषाध्यक्ष होता. राजसेवेतून व कायद्याच्या व्यवसायातून वर आलेल्या आणि मिळविलेला पैसा जमिनीत गुंतविणाऱ्या नव्या वर्गाचा तो प्रतिनिधी होय. वाड्याचे दगडी बांधकाम त्याच्या व त्याच्या मुलाच्या काळात आकारास आले.

गुलाबांच्या युद्धांचा (१४५५–८५) हा काळ असल्याने कायद्याचा वचक शिथिल झाला होता. मालमत्तेच्या एका वादातून १४६८ मध्ये जॉन ब्रोमची लंडनमधील व्हाइटफ्रायर्स चर्चमध्ये हत्या झाली. मारेकरी जॉन हर्टहिल हा वॉरिकच्या अर्लचा कारभारी होता. १४७१ मध्ये ब्रोमचा मुलगा निकोलस याने हर्टहिलला ठार करून पित्याचा सूड घेतला. पुढे गावचा धर्मगुरू आपल्या पत्नीशी सलगी करीत असल्याचे पाहून निकोलसने त्याचाही वध केला, असा वृत्तांत परंपरेने चालत आला आहे. वाड्यातील ग्रंथालयाच्या जमिनीवरील एक डाग या धर्मगुरूच्या रक्ताचा म्हणून दाखविण्यात येत असे. त्याला दंतकथेपलीकडे आधार नाही. या कृत्याबद्दल निकोलसला राजा व पोप या दोहोंकडून क्षमा मिळाली. प्रायश्चित्त म्हणून त्याने बॅड्झली क्लिंटन व शेजारचे पॅकवुड येथील चर्चना मनोरे बांधून दिले. १५१७ मध्ये तो मरण पावला. येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय आपल्या मस्तकावरून जावेत, या हेतूने त्याला चर्चच्या दाराशी उभ्या स्थितीत पुरण्यात आले, असे सांगतात. निकोलसची कन्या कॉन्स्टन्स ही सर एडवर्ड फेरर्स यास दिलेली होती. तिच्याद्वारे हे मॅनर फेरर्स घराण्याकडे आले व १९४० पर्यंत त्याच घराण्यात राहिले.

वास्तू : वाडा करड्या स्थानिक दगडात बांधलेला असून त्याच्या भिंती थेट खंदकाच्या पाण्यातून वर आलेल्या दिसतात. मधल्या चौकाच्या तीन बाजूंस इमारतीचे सोपे आहेत. चौथी बाजू खंदकाकडे उघडी आहे. अठराव्या शतकात बांधलेल्या विटांच्या पुलावरून देवडीत व देवडीतून चौकात प्रवेश होतो. देवडीच्या माथ्यावर किल्ल्याप्रमाणे दंतुर कठडा आहे; परंतु तिच्यातील मोठ्या, अनेक दालनी खिडक्या पाहता संरक्षणापेक्षा उजेडाची व शोभेची चिंता बांधणाऱ्यास अधिक होती, हे उघड होते. अंतर्भागात मोठे दिवाणखान्यासारखे दालन, ग्रंथालय, शयनगृहे, छोटे प्रार्थनागृह व स्वयंपाकघर आहे. पुष्कळ खोल्यांच्या भिंतींना ओक लाकडाच्या फळ्यांचे अस्तर आहे, तर शेकोट्यांभोवती कोरीव चौकटी आहेत. खिडक्यांच्या चित्रकाचांतून फेरर्स घराण्याची व त्याच्याशी सोयरीक असलेल्या कुळांची चिन्हे क्रमाने मांडलेली आढळतात. वाड्याच्या आवारात मासे पाळण्याची जुनी तळी, भिंतीने बंदिस्त केलेली बाग व एक मोठा तलाव आहे. गावचे चर्चही तेथून पायवाटेच्या अंतरावर आहे. वाडा, तळी, बाग आणि चर्च हा मॅनरचा मध्ययुगीन संच अशा रीतीने येथे एकत्र पाहावयास मिळतो.

सजावटीचा बराचसा भाग हेन्‍री फेरर्स (सु. १५४९–१६३३) याच्या आवडीचे फळ होय. इतिहासाचा व वंशावळींचा हा व्यासंगी १५९३ च्या पार्लमेंटचा सदस्य होता. वॉरिकशर परगण्याचा इतिहास लिहिण्याच्या हेतूने त्याने जन्मभर कागदपत्रे व टिपणे जमविली. त्याच्या हातून ग्रंथ पूर्ण झाला नाही. परंतु सर विल्यम डग्डेल याने १६५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वॉरिकशरच्या इतिहासग्रंथास या टिपणांचा मोठा उपयोग झाला. बॅड्झलीच्या आरंभीच्या धन्यांविषयी जे काही ज्ञात आहे, त्यातील पुष्कळसे हेन्‍रीमुळेच टिकले. त्याची सांपत्तिक स्थिती मात्र जन्मभर ओढग्रस्तीची होती. कर्ज व कोर्टकचेऱ्या यांमुळे वाडा इतरांस भाड्याने देण्याची वेळ त्याच्यावर आली आणि त्यातूनच या वास्तूच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे प्रकरण उद्‌भवले.

धार्मिक छळाची पार्श्वभूमी : पहिली एलिझाबेथ (कार. १५५८–१६०३) गादीवर आल्यानंतर १५५९ च्या कायद्यांनी इंग्लंडच्या चर्चवर पोपऐवजी राणीची सत्ता प्रस्थापित झाली, चर्चमधील उपासना सक्तीची करण्यात आली व गैरहजेरीबद्दल दर वेळी एक शिलिंग दंड ठरला. १५७० मध्ये पोपने राणीला धर्मबहिष्कृत केले. परिणामी कॅथलिक असणे म्हणजे राजद्रोहाकडे कल असणे, असा संशय सरकारदरबारी दृढ झाला. १५८१ मध्ये दंडाची रक्कम महिन्यास २० पौंड अशी वाढविण्यात आली. ही रक्कम लहान जमीनदारांना बुडविण्यास पुरेशी होती. १५८५ च्या कायद्यान्वये परदेशी दीक्षा घेऊन देशात परतलेल्या कॅथलिक धर्मगुरूचे इंग्लंडमधील केवळ अस्तित्वच राजद्रोह ठरले आणि त्याला जाणीवपूर्वक आश्रय देणारासही देहदंडाची शिक्षा सांगितली गेली.

अशा परिस्थितीत ज्यांनी जुना धर्म सोडला नाही, त्यांच्या उपासनेची केंद्रे चर्चमधून खेड्यांतील वाड्यांत स्थलांतरित झाली. वेष पालटून हिंडणारे धर्मगुरू एका वाड्यातून दुसऱ्या वाड्यात जात व पहाटेच्या वेळी मिस्साविधी करीत. मराठी वाचकांस परिचित असलेला क्रिस्तपुराण या काव्याचा कर्ता फादर टॉमस स्टीफन्स हा इंग्लिश जेझुइटांच्या याच पिढीतील होय. तो १५७९ मध्ये गोव्यास आला. जे मायदेशात कार्य करू लागले त्यांना मात्र भिंतीआडच्या पोकळ्यांचा आसरा घ्यावा लागला.

लपणी व १५९१ ची झडती : १५८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अ‍ॅन व्हॉक्स व तिची विधवा बहीण एलिनर ब्रुक्सबी यांनी बॅड्झली क्लिंटन भाड्याने घेतले. एका कॅथलिक उमरावाच्या या कन्या इंग्लंडमधील जेझुइटांचा प्रमुख हेन्‍री गार्नेट याच्या कार्यास साहाय्य करीत असत. आडबाजूची जागा, सभोवती झाडी, आत येण्यास एकच पूल आणि चोहोकडे पाणी या गोष्टी त्यांच्या हेतूस अनुकूल होत्या. खंदकामुळे शोधपथकास घरात एकाएकी घुसता येत नसे आणि आतील माणसांना थोडा अवधी मिळे. मात्र बाहेर निसटण्याची वाटही तेच पाणी बंद करी. त्यामुळे आत लपण्याची पक्की सोय असणे अपरिहार्य होते.

वाड्यात अशी तीन लपणी दाखविली जातात. पहिले खंदकाकडील खोलीच्या लाकडी अस्तरामागे दडलेली एक लहान खोली होय. दुसरे छताच्या वरच्या पोकळीत आहे. तिसरे व सर्वांत मोठे जुन्या शौचकूपातून गाठता येते. वरच्या मजल्यावरून दोराच्या साहाय्याने कूपात उतरून इमारतीच्या तळाशी असलेल्या जुन्या मैलापाण्याच्या बोगद्यात जाता येई, तेथे सु. बारा माणसे मावू शकत. ही रचना निकोलस ओवेन याची समजली जाते. ऑक्सफर्डच्या सुतारघराण्यातील हा ठेंगणा कारागीर गार्नेटचा सेवक असून पुढे तो जेझुइट संघाचा बंधू झाला. दिवसा घरातील नोकरांसमोर सामान्य सुतारकाम करावे आणि रात्री एकट्यानेच भिंती फोडून लपणी तयार करावीत, अशी त्याची पद्धत होती. त्याच्या लपण्यांची जागा इतरांस सहसा कळत नसे.

ऑक्टोबर १५९१ मध्ये जेझुइटांची एक बैठक संपल्यानंतर एके पहाटे शोधपथक वाड्याच्या दाराशी येऊन थडकले. जॉन जेरार्ड हा जेझुइट त्या प्रसंगी हजर होता. पुढे १६०६ मध्ये तो इंग्लंडबाहेर गेला व काही वर्षांनी त्याने आपले आत्मवृत्त लॅटिनमध्ये लिहिले. त्यात या प्रसंगाचे तपशीलवार वर्णन आहे. रॉबर्ट साउथवेल हा मिस्साविधीस प्रारंभ करीत असतानाच बाहेर आरडाओरड सुरू झाली. नोकरांनी दार रोखून धरले. तेवढ्यात वेदीवरील वस्त्रे व पात्रे काढण्यात आली, तलवारी-जोडे लपविण्यात आले आणि माणूस नुकताच उठून गेल्याची ऊब हाताला लागू नये म्हणून बिछाने उलटे करण्यात आले. पाच जेझुइट, दोन इतर धर्मगुरू व दोन-तीन गृहस्थ जमिनीखालच्या लपणात उतरले. त्या जेझुइटांत गार्नेट, साउथवेल, जेरार्ड व एडवर्ड ओल्डकॉर्न यांचा समावेश होता. तळाशी साचलेल्या पाण्यात पाय बुडवून ते सु. चार तास निश्चल उभे राहिले. वर अ‍ॅन व्हॉक्सने घरधनिणीची भूमिका घेऊन शोधकांना तोंड दिले. त्यांनी खोल्या, कपाटे धुंडाळली. परंतु कोणी सापडले नाही. अखेर रीतीप्रमाणे पैसे घेऊन ते निघून गेले.

जेरार्डने आपल्या वृत्तांतात घराचे नाव दिलेले नाही. आश्रयदात्यांच्या जिवास धोका होऊ नये, म्हणून अशी नावे गाळण्याची त्या लेखनात प्रथाच होती. व्हॉक्स भगिनींचे वास्तव्य, काळ आणि जमिनीखालच्या ओल्या लपणाचे वर्णन यांच्या आधारे ते घर म्हणजे बॅड्झली क्लिंटन होय, असा निष्कर्ष काढण्यात आला असून तो सामान्यतः मान्य झाला आहे.

त्या सकाळी वाचलेल्यांपैकी काहींना पुढील काळात प्राणास मुकावे लागले. कवी म्हणूनही ख्याती असलेल्या साउथवेलला १५९२ मध्ये पकडण्यात आले व १५९५ मध्ये फाशी देण्यात आली. जेरार्ड १५९७ मध्ये लंडनच्या टॉवरमधून दोरावरून निसटला. १६०५ च्या गनपावडर कटानंतर छळाला पुन्हा जोर चढला. ओवेन १६०६ मध्ये टॉवरमध्ये यातना सोसत मरण पावला; परंतु त्याने एकाही लपण्याचा ठावठिकाणा सांगितला नाही. गार्नेट व ओल्डकॉर्न यांना त्याच वर्षी देहदंड झाला. साउथवेल व ओवेन यांना कॅथलिक चर्चने १९७० मध्ये इतर हुतात्म्यांसमवेत संतपद दिले.

निर्धनता आणि जतन : फेरर्स घराणे कॅथलिक पंथाशी निष्ठावंत राहिले. त्यामुळे राजदरबारी पदे, विद्यापीठांच्या पदव्या व पार्लमेंटचे सदस्यत्व ही उत्कर्षाची द्वारे त्यांना दीर्घकाळ बंद होती. १६९२ पासून कॅथलिकांवर दुप्पट जमीनकर बसविण्यात आला. कॅथलिकांवरील निर्बंध १७७८ व १७९१ च्या कायद्यांनी शिथिल झाले आणि १८२९ च्या मुक्तता कायद्याने त्यांतील बहुतेक दूर झाले. तोपर्यंत घराण्याच्या आर्थिक स्थितीला उतरती कळा लागली होती.

याच निर्धनतेने वाडा वाचविला, असे म्हणता येईल. अठराव्या शतकात इंग्लंडमधील धनाढ्य जमीनदारांनी जुने वाडे पाडून अभिजात ग्रीक-रोमन शैलीत नवे प्रासाद उभारले. अनेकांनी खंदक बुजवून त्यांच्या जागी हिरवळी व कृत्रिम तलाव केले. फेरर्स घराण्यास हे परवडण्यासारखे नव्हते. पूल बांधणे, एखादी खोली दुरुस्त करणे, जुनी शेकोटी बदलणे यांपलीकडे त्यांची मजल गेली नाही. त्यामुळे ट्यूडर व प्रारंभीच्या स्ट्यूअर्ट काळातील मांडणी जवळजवळ जशीच्या तशी राहिली. जवळच, सु. ३ किमी.वर असलेल्या पॅकवुड हाउसशी तुलना केल्यास हा भेद स्पष्ट होतो. ग्रेअम बॅरन अ‍ॅश या सधन उद्योगपतिपुत्राने दोन महायुद्धांच्या दरम्यान पॅकवुडला आपल्या कल्पनेतील ट्यूडर रूप दिले व १९४१ मध्ये ते नॅशनल ट्रस्टला अर्पण केले. तेथील जुनेपण पुष्कळ अंशी घडविलेले आहे. बॅड्झलीचे टिकून राहिलेले आहे.

एकोणिसावे शतक : १८६७ मध्ये घराण्याचा तत्कालीन धनी मार्मियन फेरर्स याने चित्रकर्त्री रिबेका डल्सिबेला ऑर्पेन हिच्याशी विवाह केला. काही काळानंतर रिबेकाची नातलग, कादंबरीकर्त्री लेडी जॉर्जियाना चॅटर्टन व तिचा पती एडवर्ड हेनेज डेरिंग हे दोघेही येथे राहण्यास आले. डेरिंगने रिबेकास मागणी घालण्यासाठी लेडी चॅटर्टनची अनुमती विचारली. तिने ती मागणी स्वतःसाठीच आहे असे समजून स्वीकारली व सभ्य डेरिंगला तो गैरसमज दूर करता आला नाही, अशी आख्यायिका आहे. लेडी चॅटर्टन त्याच्याहून सु. वीस वर्षांनी मोठी होती. या चौघांनी लेखन, चित्रकला व धर्माचरण यांत वाड्याचे जीवन रमविले. डेरिंग सतराव्या शतकातील पोषाखात वावरत असे. रिबेकाने वाड्याच्या खोल्या व त्यांत वावरणारी माणसे यांची अनेक चित्रे काढली. ती आजही वाड्यात असून त्या काळच्या सजावटीचा पुरावा म्हणून त्यांचे मूल्य मोठे आहे.

डेरिंगजवळ पैसा असल्याने वाड्याची दुरुस्ती होऊ शकली व प्रार्थनागृह पुन्हा उपासनेसाठी वापरात आले. जी उपासना पूर्वी पहाटेच्या अंधारात, पहारा ठेवून करावी लागे, ती उघडपणे होऊ लागली. लेडी चॅटर्टन १८७६ मध्ये व मार्मियन १८८४ मध्ये निवर्तल्यानंतर डेरिंग व रिबेका यांचा १८८५ मध्ये विवाह झाला. डेरिंग १८९२ मध्ये व रिबेका १९२३ मध्ये मरण पावली. मार्मियनला अपत्य नसल्याने मालमत्ता त्याच्या नातलगांकडे गेली.

विसाव्या शतकातील संकट : पहिल्या महायुद्धानंतर शेतीचे घटलेले उत्पन्न, वाढता वारसाकर व नोकरवर्गाची टंचाई यांमुळे इंग्लंडमधील जमीनदारी वाडे झपाट्याने मोडकळीस आले. विसाव्या शतकात असे एक हजाराहून अधिक वाडे पाडण्यात आले. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अ‍ॅल्बर्ट संग्रहालयाने १९७४ मध्ये याच विषयावर प्रदर्शन भरविल्यानंतर या हानीची व्याप्ती लोकांच्या ध्यानी आली. बॅड्झलीवरही हे संकट ओढवले व तेथील बरेच सामान विकले गेले. १९४० मध्ये टॉमस वॉकर या दूरच्या नातेवाइकाने वाडा विकत घेतला. त्याने फेरर्स हे आडनाव धारण केले आणि वास्तूची दुरुस्ती करून विकल्या गेलेल्या वस्तूंपैकी काही परत मिळविल्या. त्याच्या मुलाच्या काळात, १९८० मध्ये, शासनाच्या साहाय्याने वाडा व त्याभोवतीची मालमत्ता नॅशनल ट्रस्टकडे आली आणि १९८२ मध्ये वाडा लोकांसाठी खुला झाला.

नॅशनल ट्रस्ट ही १८९५ मध्ये स्थापन झालेली स्वतंत्र धर्मादाय संस्था आहे. १९०७ च्या कायद्याने तिला आपल्या मालकीची स्थळे अविक्रेय म्हणून घोषित करण्याचा अधिकार मिळाला. प्रारंभी तिचा भर मोकळ्या भूमीवर होता. १९३७ नंतर जमीनदारी वाडे स्वीकारण्याचे कार्यही तिने मोठ्या प्रमाणावर हाती घेतले. इतर खंदकवेष्टित वाड्यांची कथा याहून फारशी निराळी नाही. नॉरफकमधील ऑक्सबर्ग हॉल हा बेडिंगफेल्ड या दुसऱ्या कॅथलिक घराण्याचा वाडा १९५१ मध्ये विकला जाऊन पाडला जाण्याच्या बेतात होता. घराण्यातील स्त्रियांनी आपली स्वतःची मालमत्ता विकून तो परत घेतला व १९५२ मध्ये ट्रस्टला दिला. २०२० मध्ये तेथे छताची दुरुस्ती चालू असताना लाकडी जमिनीखाली १५६८ साली छापलेले एक प्रार्थनापुस्तक व पंधराव्या शतकातील हस्तलिखिताचे पान सापडले. केंटमधील आइटम मोट चार्ल्स हेन्‍री रॉबिन्सन या अमेरिकन गृहस्थाने १९५३ मध्ये विकत घेतला व १९८५ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर तो ट्रस्टकडे आला. लपण्यांसाठी प्रसिद्ध असलेला वुस्टरशरमधील हार्विंग्टन हॉल मात्र १९२३ पासून बर्मिंगहॅमच्या कॅथलिक धर्मप्रांताच्या मालकीचा आहे.

सांप्रतचा उपयोग : आता बॅड्झली क्लिंटनचा उपयोग संग्रहालय, उद्यान व सहलीचे ठिकाण असा तिहेरी आहे. खोल्या शक्यतो राहत्या घराप्रमाणे मांडलेल्या असून स्वयंसेवक प्रेक्षकांना माहिती देतात. बाहेरच्या जुन्या शेतीच्या इमारतींत उपाहारगृह व अन्य सोयी केलेल्या आहेत. भिंतीआडच्या बागेत फुले व भाजीपाला यांची लागवड होते. तळी, तलाव व वनराई यांच्याभोवती पायवाटा आहेत. शाळकरी मुलांना एलिझाबेथकालीन धार्मिक संघर्षाचा परिचय करून देण्यासाठी येथील लपण्यांचा चांगला उपयोग होतो. इमारतीस कायद्याने प्रथम श्रेणीचे संरक्षण असल्याने तिच्यात अनुमतीवाचून कोणताही महत्त्वाचा बदल करता येत नाही.

अशा वास्तूच्या जतनात काही अंगभूत अडचणी आहेत. पाण्यातून वर येणाऱ्या दगडी भिंती सतत ओल शोषतात. ओलीमुळे लाकडी अस्तर, चित्रे व वस्त्रे यांना धोका पोहोचतो. खंदकात गाळ साचतो व तो वेळोवेळी काढावा लागतो. परंतु खंदक कोरडा पाडल्यास पायाखालची चिकणमाती आकसून भिंतींना तडे जाण्याचा संभव असतो. म्हणजे ज्या पाण्यापासून इमारतीस उपद्रव होतो, त्याच पाण्यावर तिचे स्थैर्य अवलंबून आहे. अरुंद जिने व ओकच्या जुन्या फळ्या मोठ्या गर्दीसाठी केलेल्या नव्हत्या. प्रवेश फार मर्यादित केल्यास उत्पन्न व लोकाश्रय घटतो आणि तो अनिर्बंध ठेवल्यास मूळ वस्तूच झिजते. या दोहोंचा मेळ घालणे हे ट्रस्टपुढील कायमचे काम आहे.

जतनाबरोबर अर्थनिर्णयाचा प्रश्नही निगडित आहे. रक्ताचा डाग, उभे पुरलेले प्रेत व चुकून स्वीकारलेली मागणी या कथा प्रेक्षकांना आकर्षक वाटतात. त्यांतील कोणती कागदपत्रांनी सिद्ध होते व कोणती केवळ परंपरेने चालत आली आहे, हे वेगळे दाखविणे आवश्यक ठरते. तसेच बोगद्यातील चार तासांची हकिकत केवळ साहसकथा म्हणून सांगितल्यास तिच्यातील मुख्य आशय हरवतो. राज्यसत्तेने ठरविलेला धर्म न स्वीकारणाऱ्या नागरिकांना स्वतःच्याच घरात लपावे लागले आणि त्यांना आसरा देणाऱ्या दोन स्त्रियांनी त्यासाठी प्राणांची जोखीम पत्करली, हा तो आशय होय.

क्लिंटनांनी खणलेला खंदक प्रारंभी मालकीची खूण होता. ब्रोम पितापुत्रांच्या काळात तो प्रतिष्ठेचे साधन राहिला. व्हॉक्स भगिनींच्या वेळी तो काही घटकांचा अवधी देणारा आडोसा ठरला. एकोणिसाव्या शतकातील कलावंतांना त्यात केवळ सौंदर्य दिसले. राजकीय घडामोडींचे केंद्र म्हणून बॅड्झली क्लिंटनला कधीच स्थान नव्हते. परंतु इंग्लंडमधील मध्यम प्रतीच्या जमीनदार घराण्याचे जीवन, धर्मनिष्ठेपायी त्याने सोसलेली झीज आणि त्या झिजेमुळेच अबाधित राहिलेली वास्तू यांचा एकत्रित पुरावा म्हणून या वाड्याचे ऐतिहासिक मूल्य मोठे आहे.